नाडी ८४

माझी आई विड्या वळायची. वयाच्या तेराव्या वर्षापासून एकसष्टाव्यापर्यंत. सोलापुरात हे सांगण्यात नवल काही नाही. आमच्या भागात दुपारी कुठल्याही दारातून आत डोकावलं तर मांडीवर सूप घेतलेली एक बाई दिसतेच. रात्री पानं भिजत घालायची, पहाटे ओल्या फडक्यात गुंडाळायची, मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, मग तंबाखू भरून वळायचं आणि दोरा बांधायचा. दिवसाला हजार, हे माप. तिच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा. लहानपणी मला वाटायचं, आई म्हणून जो काही वास असतो तो हाच.

माल द्यायला कारखान्यात गेलं की तपासणारा त्यातल्या काही विड्या बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. आई त्यावरून तिथं जोरात भांडायची आणि घरी आल्यावर हळूच म्हणायची, "आज छाट निघायला पायजेच होती गं. पानच खराब होतं." किती पान मिळालं, किती तंबाखू, किती विड्या जमा, किती छाट, हे सगळं रोज एका पुस्तकात चढायचं. आईला वाचायला जेमतेम यायचं, पण तो आकडा चढल्याशिवाय ती काउंटरवरून हलायची नाही. ९४० जमा, ४० छाट. १०००, १५. ताप आला त्या दिवशी ३१०. अशी ओळीनं पानंच्या पानं.

आज मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. आकडे वाचायला शिकले ते त्या पुस्तकावर. हे सांगायचं कारण पुढे येईल.

२०२३ च्या फेब्रुवारीत आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. खडे होते, वर्षभर पोट दुखत होतं. "गड्डा उठल्याशिवाय मी कुठं झोपून राहणार नाही," असं तिनं सांगितलं होतं, म्हणून सिद्धेश्वराची जत्रा होईपर्यंत थांबलो. गावातलंच एक खासगी हॉस्पिटल. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे आणि निकाल लागेपर्यंत माझं म्हणणं हे फक्त माझं म्हणणं आहे. ती रिक्षातून उतरून स्वतःच्या पायानं जिना चढून गेली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, संध्याकाळी ती बोलत होती, भाकरी कधी मिळेल म्हणून विचारत होती.

रात्री एकच्या पुढे तिला घाम फुटायला लागला. पोट दुखतंय, जीव घाबरतोय म्हणाली. मी तीनदा काउंटरवर गेले: १.२०, २.४५ आणि ४.१०. या वेळा मला पाठ आहेत, कारण प्रत्येक वेळी मी भावाला फोन केला होता आणि फोनमध्ये नोंद राहते. सिस्टर म्हणाली, दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, त्यानं होतं असं. हे खोटं नाही. गॅस भरतात आणि त्यानं दुखतंही. एक इंजेक्शन दिलं. डॉक्टरांना फोन केलाय, म्हणाली. साडेसहाला सर्जन आले तेव्हा तिचं बीपी लागत नव्हतं. तिथून धावपळ, अॅम्ब्युलन्स, मोठं हॉस्पिटल. तिथल्या सोनोग्राफीत पोटात रक्त साठलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तेराव्यानंतर मी लेखी अर्ज देऊन पहिल्या हॉस्पिटलचे कागद मागितले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे असतात आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली आणि तीन आठवड्यांत स्थगित झाली, त्यामुळे जुनीच लागू आहे. मला ७२ तासांत नाही, पाच आठवड्यांनी मिळाले. त्यात टीपीआरचा, म्हणजे ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा, तक्ता होता. रात्री १० वाजता नाडी ८४, बीपी १३०/८०. रात्री २ वाजता नाडी ८४, बीपी १३०/८०. सकाळी ६ वाजता नाडी ८४, बीपी १३०/८०. एकाच शाईत, एकाच झटक्यात लिहिल्यासारखं अक्षर. आणि साडेसहाला बीपी लागत नव्हतं.

जिवंत माणसाची नाडी आठ तास एका आकड्यावर उभी राहत नाही. आमच्या गोडाऊनच्या वहीत सलग तीन दिवस टॉवेलांचा एकच आकडा दिसला तर ऑडिटर चहा बाजूला ठेवून विचारतो, हे मोजलं कुणी? माझ्या आईनं अठ्ठेचाळीस वर्षं ज्या विड्या वळल्या त्यांतली प्रत्येक मोजली गेली. तिच्या शेवटच्या जाग्या रात्रीची नाडी मात्र मोजलीच गेली नसावी, असं माझं म्हणणं आहे.

आता इथं एक भेद नीट करायला हवा, नाहीतर माझा लेख आणि चौकातली आरडाओरड यात फरक उरणार नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव होऊ शकतो. चांगल्या सर्जनच्या हातून होऊ शकतो. संमतीपत्रात तो लिहिलेला असतो (इंग्रजीत; आईनं खाली मराठीत सही केली होती, आणि वर काय लिहिलंय ते मीही तेव्हा वाचलं नाही). गुंतागुंत झाली म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही, हे मला मान्य आहे. माझी तक्रार रक्तस्रावाबद्दल नाही. तो पाच तास कुणाच्या लक्षात आला नाही, याबद्दल आहे.

डॉक्टरी शास्त्रात हा भेद नवा नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९२ साली सुमारे सहा हजार रुग्णांचा अभ्यास छापला होता, त्यातली बरीच ऑपरेशनं नेमकी पित्ताशयाची होती. त्यांचं म्हणणं असं निघालं की गुंतागुंत होणं हे जास्त करून रुग्णाच्या प्रकृतीवर ठरतं, पण गुंतागुंत झाल्यावर रुग्ण मरतो की वाचतो हे हॉस्पिटलवर ठरतं. रात्री कोण जागं आहे, त्याला काय कळतं आणि तो कुणाला उठवू शकतो, यावर. ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काउंटरवरची ती सिस्टर आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिच्याकडे त्या रात्री दोन मजले होते. तिचा मला राग यायला हवा होता, तो पुरेसा आला नाही. तिला मिळणारा पगार आणि आमच्या कारखान्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा पगार यात फार अंतर नसावं, असा माझा अंदाज आहे. हिशेब लिहिणाऱ्याला असले अंदाज करायची खोड असते.

आई गेल्यावर आम्ही काय केलं, हे सांगते. चुलतभाऊ म्हणाला, चार पोरं घेऊन जाऊ, काचा राहणार नाहीत. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर आणि दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. पण मी त्याला कायद्यामुळे अडवलं नाही. आई त्याच बिल्डिंगमध्ये झोपली होती तसे अजून पंधरा-वीस जण वर झोपले होते, म्हणून अडवलं. मग एक गृहस्थ आले, ओळखीतलेच. बिल परत देतील, वर काही देतील, मिटवून घ्या. मांडवली हा शब्द मी जमिनीच्या भानगडीत ऐकला होता, आईच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकला. नाही म्हणाले. पण एक गोष्ट आम्ही केली नाही, आणि ती करायला हवी होती.

आम्ही शवविच्छेदन करू दिलं नाही.

दुसऱ्या हॉस्पिटलातल्या एका तरुण डॉक्टरनं हळू आवाजात विचारलं होतं, "पीएम करायचंय का? मग पोलिसांना कळवावं लागेल, सिव्हिलला न्यावं लागेल." मामा भडकला. "जन्मभर राबली माझी बहीण, आता तिची चिरफाड करता?" मीही मान हलवली. त्या क्षणी तिला लवकर घरी न्यावं, अंघोळ घालावी, हिरवं लुगडं नेसवावं, एवढंच डोक्यात होतं. वडील असताना गेली, सवाशीण गेली, बायका ओटी घेऊन दारात थांबल्या होत्या. आज आयोगापुढे हॉस्पिटलच्या वकिलांचा पहिला मुद्दा हाच आहे: रक्तस्राव नेमका कुठून झाला, हे सिद्ध करणारा कागद कुठं आहे? त्यांचा मुद्दा बरोबर आहे. तो कागद आम्ही तिच्याबरोबर जाळला.

मी मामाला दोष देत नाही. पण त्या वेळी आम्हाला नीट समजावून सांगणारं कुणी असतं तर? शवविच्छेदन म्हणजे विटंबना नाही, तासा-दोन तासांत होतं, टाके घालून देह नीट परत देतात, आणि आज केलं नाही तर उत्तर कायमचं गेलं, एवढी चार वाक्यं. ज्या हॉस्पिटलवर संशय आहे त्यानं ती सांगावी अशी अपेक्षा कशी करायची, हा प्रश्न आहेच. म्हणून तर ती सांगणं कुणाच्या मर्जीवर ठेवता कामा नये.

वाटा कागदावर पुष्कळ आहेत. १९९५ च्या १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं व्ही. पी. शांता प्रकरणात सांगितलं की पैसे घेऊन केलेला उपचार ही ग्राहक कायद्याखाली येणारी सेवा आहे. आईच्या ४८ हजारांच्या पावतीनं तिला ग्राहक केलं. उपचाराचा मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आमच्या शेजारच्या अक्कांचा मुलगा सिव्हिलमध्ये, सरकारी दवाखान्यात, वारला. जिथं सगळ्यांवर सगळा उपचार फुकट होतो तिथला रुग्ण त्याच निकालानुसार ग्राहक ठरत नाही. त्यांनी दिवाणी कोर्टात जायचं. अक्का मला तेलुगू-मराठी मिसळून म्हणाल्या, "तुझी आई पैसे भरून गेली, म्हणून तुला तारीख तरी मिळाली."

पोलिसांची वाट आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी ढोबळ, अक्षम्य म्हणावी अशी हयगय दिसावी लागते, तपास अधिकाऱ्यानं आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं लागतं आणि सरसकट अटक करायची नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हयगयीनं मृत्यू घडवल्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली, डॉक्टरांसाठी ती दोन वर्षांपर्यंतच ठेवली. काही जण याला डॉक्टरांचे लाड म्हणतात. मला तसं वाटत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये राजस्थानात दौसा जिल्ह्यात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात एक बाई दगावली, तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर अर्चना शर्मा यांच्यावर चक्क खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्यांनी जीव दिला. एका मरणाचा जाब मागताना दुसरं मरण पदरात पडतं, तो न्याय मला नको. आमचे सर्जन तुरुंगात गेले तर मला त्या रात्रीबद्दल एक अक्षरही जास्त कळणार नाही.

राज्याच्या वैद्यक परिषदेकडेही अर्ज केलाय. तिच्या निर्णयाविरुद्ध वर दाद मागायची वेळ आली तर २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं कलम ३० डॉक्टरचा उल्लेख करतं. रुग्णाचा किंवा नातेवाइकांचा त्यात पत्ता नाही. ज्याचं माणूस गेलं तो तिथं पक्षकारच नाही.

आणि या सगळ्या वाटांवर एक गोष्ट सारखी आहे: जो कागद वाचू शकतो, तोच चालू शकतो. या देशातल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांची मुळं शोधत गेलं तर पहिला मोठा खटला मराठी घरातलाच सापडतो. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुण मुलाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्याला आणलं. पुरेशी भूल न देता जोरानं हाड बसवल्याचं पुढे कोर्टात मान्य झालं. मुलगा गेला. जोशी विरुद्ध गोडबोले म्हणून ते प्रकरण आजही प्रत्येक निकालात उद्धृत होतं. रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरनं वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे सूत्र त्यातलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ साली लागला. भरपाई तीन हजार रुपये. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. पुढचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण कोलकात्याचं: अनुराधा साहा १९९८ मध्ये गेल्या, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जवळपास सहा कोटी आणि त्यावर व्याज देवविलं. त्यांचे पती कुणाल साहा हेही डॉक्टर. पंधरा वर्षं इथंही, पंधरा वर्षं तिथंही, आणि दोन्हीकडे लढणारा माणूस नाडीचा तक्ता वाचता येणारा. विडी कामगाराच्या, यंत्रमाग कामगाराच्या घरातून असं कोण उभं राहणार? मला तीन सारखे आकडे दिसले, ते योगायोगानं मी हिशेब लिहिते म्हणून.

भरपाईचंही बोलून टाकते. वकिलांनी विचारलं, आईचं महिन्याचं उत्पन्न किती? विड्यांचं पुस्तक पुढे ठेवलं. त्यांनी वय बघितलं आणि म्हणाले, फार रक्कम निघणार नाही. मोटार अपघाताच्या दाव्यांत ६१ ते ६५ वयाला गुणक सात धरतात. वर्षाच्या कमाईला सातानं गुणायचं. साहा प्रकरणात न्यायालयानं वैद्यकीय दाव्यांना तो गुणक जसाच्या तसा लावायला नकार दिला आहे, तरी टेबलावर पहिला आकडा तोच पडतो. ती विड्या वळता वळता तीन नातवंडं सांभाळायची. शेंगाची चटणी तिच्या हातची असेल तरच माझे वडील कडक भाकरीला हात लावायचे. आता ते पोळी खातात आणि बोलत नाहीत. गुणक सात यात ते कुठं मांडायचं, मला माहीत नाही. मला पैसे नको आहेत असं मी म्हणणार नाही, ते ढोंग होईल. ऑपरेशनला, मग मोठ्या हॉस्पिटलला काढलेलं कर्ज अजून फेडतोय. पण कुणी मला विचारलं की एकच निवड, पैसे की त्या रात्रीचा खरा वृत्तान्त, तर मी वृत्तान्त घेईन.

तोच कुठं मिळत नाही. मागच्या वर्षी आयोगाच्या व्हरांड्यात सर्जन आणि मी समोरासमोर आलो. ते थांबले. थकलेले दिसत होते. म्हणाले, "त्या रात्री मला फोन…" आणि त्यांच्या वकिलांनी त्यांचं कोपर धरलं. वकिलांचं चुकलं असं नाही, त्यांचं कामच ते. पण ते वाक्य तिथंच तुटलं. फोन उशिरा आला? आला आणि घेतला नाही? आलाच नाही? या तीन शक्यतांमध्ये माझ्या पुढच्या आयुष्याची झोप अडकली आहे, आणि व्यवस्था अशी आहे की उत्तर दिलं तर डॉक्टर हरतो.

इंग्लंडमध्ये २००६ च्या एका कायद्यानं सांगितलं की माफी मागणं म्हणजे आपोआप चूक कबूल करणं नव्हे. २०१४ पासून तिथल्या सरकारी आरोग्य संस्थांवर बंधन आहे की उपचारात रुग्णाला मोठी इजा झाली तर त्याला किंवा घरच्यांना आपणहून, खरं, लेखी कळवायचं. पण मला उदाहरणासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. ते सोलापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीत आहे.

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांत बाई दगावली तर तो मातामृत्यू. २०१० पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत, २०१७ मध्ये त्या सुधारल्या: अशा प्रत्येक मृत्यूची माहिती वर गेली पाहिजे, हॉस्पिटलातले कागद तपासले पाहिजेत, घरी जाऊन घरच्यांना विचारलं पाहिजे की काय झालं, कधी निघालात, कुठं थांबलात, कुणी काय सांगितलं. जिल्ह्याच्या समितीपुढे प्रकरण येतं, काही प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांपुढे येतात आणि तिथं नातेवाइकांनाही बोलावण्याची तरतूद आहे. खासगी हॉस्पिटलही यातून सुटत नाही. हेतू शिक्षा नाही. उशीर कुठं झाला ते शोधणं हा आहे. सगळीकडे ते मनापासून होतं असा माझा दावा नाही, सरकारी बैठक कशी उरकते हे कुणाला सांगायला नको. तरी महाराष्ट्रातलं मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आलं, देशाचं ९७ होतं, आणि त्यात या मोजदादीचा काहीतरी वाटा असणारच. जे मोजत नाही ते कमी होत नाही, एवढं तर विडी कारखान्यातला छाटीवालाही सांगेल.

मग माझा प्रश्न साधा आहे. बाळंतपणात गेलेली आई ही माता. एकसष्टाव्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनला जिना चढून गेलेली आई ही कोण?

माझी मागणी अशी: स्वतःच्या पायानं, ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेलेला माणूस महिन्याभरात मेला, तर त्या मृत्यूचं असंच परीक्षण सक्तीनं व्हावं. हॉस्पिटल सरकारी असो की खासगी, पावती असो नसो. चोवीस तासांच्या आत मूळ कागदांची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जमा, म्हणजे पाच आठवड्यांत कुठल्या रात्रीची नाडी नव्यानं लिहायला नको. शवविच्छेदनाबद्दल घरच्यांना समजावून सांगायला उपचार न केलेला, बाहेरचा माणूस. महिन्याभरात एक बैठक, त्यात दुसऱ्या जिल्ह्यातला सर्जन, भूलतज्ज्ञ, एक ज्येष्ठ परिचारिका आणि घरातली दोन माणसं. त्या बैठकीत डॉक्टर जे बोलेल ते एवढ्याच कारणावरून कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. आणि शेवटी घरच्यांच्या हातात मराठीत लिहिलेला दोन पानांचा वृत्तान्त. त्यानंतर ज्याला कोर्टात जायचं असेल त्यानं जावं. माझ्या अंदाजानं निम्मे जाणार नाहीत.

माझ्या ओळखीचे एक फिजिशियन आहेत, सज्जन माणूस, आईला पूर्वी तेच तपासायचे. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "ताई, वीस खाटांच्या हॉस्पिटलला हे झेपणार नाही. आधीच नोंदणी, अग्निशमन, जैविक कचरा, किती कागद करायचे? लोक अवघड केसेस घेणंच सोडतील, सरळ पुण्याला पाठवतील." यात तथ्य आहे. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये पोट धरून बसलेला रुग्ण मला नको आहे. पण अवघड केस सोडायची भीती आज कशामुळे आहे? काचा फुटतील, पोलीस येतील, व्हिडिओ फिरेल, म्हणून. महिन्याभरानं बंद खोलीत बाहेरचा सर्जन आणि भूलतज्ज्ञ प्रश्न विचारतील, याची भीती त्यापेक्षा मोठी असेल तर ती मला समजून घ्यायची नाही. आणि मनुष्यबळ म्हणाल तर या गावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, पोरं इथं शिकून जगभर गेलीत. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. चीनमध्ये युद्धात जखमी सैनिकांवर ऑपरेशनं करत १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. शाळेत असताना आईच मला त्यांच्या स्मारकात घेऊन गेली होती, विड्या जमा करून येताना, हातात रिकामी पिशवी. "बघ, डाक्टर असा असतो," म्हणाली. डॉक्टरांबद्दल तिच्या मनात अढी नव्हती. त्या रात्रीही ती मला दोनदा म्हणाली होती, सारखी सारखी काउंटरवर जाऊ नको, त्या पोरीला झोपू दे.

२०२१ च्या जानेवारीत राज्यानं शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती केली. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, दरपत्रक लावायचं, तक्रार निवारणाची व्यवस्था, पैशांसाठी मृतदेह अडवायचा नाही, हे सगळं त्यात आलं. चांगलं आहे. आमच्या त्या हॉस्पिटलच्या भिंतीवर सनद होतीही, फ्रेममध्ये, काउंटरच्या मागे. तिथं वाचायला उभं राहायचं तर सिस्टरच्या खुर्चीवर चढावं लागलं असतं. नियमांची भर घालणं इथं थांबलं, असा मृत्यू कसा झाला हे तपासायचं कसं, यावर त्यात शब्द नाही. आमच्या जिल्ह्यातल्या आमदारांपैकी दोघांना मी पत्रं लिहिली आहेत. एकांच्या कार्यालयातून पोच आली.

पुढची तारीख जुलैत आहे. तज्ज्ञाचं मत मागवण्यावर सुनावणी होईल. सोलापुरात कुणी लिहून द्यायला तयार झालं नाही, दोघांनी तोंडी सांगितलं की तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण कागदावर नको. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही, चूक उघड दिसत असेल तर त्याशिवायही चालतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये म्हटलंय. आमचा भर त्यावर आहे. मी पिशवीत तो तक्ता नेते आणि आईचं पुस्तकही नेते, वकील म्हणतात त्याचा उपयोग नाही. त्यातली शेवटची नोंद ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची आहे. ७२० जमा, ३५ छाट.